पडणाऱ्या घरांचे गणित

१९९३ सालच्या सप्टेंबर महिन्याची ३० तारीख. गणेशविसर्जन आटोपून मराठवाड्यातील खेडी गाढ झोपेत होती. पहाटे चार वाजण्यास चार मिनिटे कमी असताना लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूमी हादरली. भूकंपाचे परिमाण ६.२ होते. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून मृतांची संख्या सुमारे ८,००० भरली. काही अंदाजांनी ती १०,००० च्या जवळ नेली आहे.

आता दुसरी तारीख पाहू. २२ फेब्रुवारी २०११. न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च या शहरात दुपारी पाऊण वाजून गेला होता. कार्यालये भरलेली, रस्ते गजबजलेले. शहराच्या मध्यापासून अवघ्या दहा किलोमीटरांवर आणि जमिनीखाली केवळ पाच किलोमीटर खोलीवर भूकंप झाला. त्याचेही परिमाण सुमारे ६.२ च होते. काही ठिकाणी भूमीचा उभा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या दुपटीहून अधिक नोंदला गेला. साडेतीन लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरात १८५ माणसे दगावली. त्यांपैकी ११५ एकाच सहामजली इमारतीत सापडली होती, आणि पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाला त्या इमारतीच्या आराखड्यातच दोष आढळले.

पृथ्वीच्या पोटातून बाहेर पडलेली शक्ती दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखी. मग परिणामांत एवढी तफावत कशामुळे पडली? उत्तर जमिनीखाली नव्हे, जमिनीवर शोधावे लागते. किल्लारीच्या परिसरातील बहुसंख्य घरे माळवदाची होती. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया व फळ्या, आणि फळ्यांवर फूट-दोन फूट जाडीचा मातीचा थर. उन्हाळ्यात असे घर थंडगार राहते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतेही. परंतु भिंतीचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड नसल्यामुळे आडव्या धक्क्याने ते पदर सुटे झाले आणि वरचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. उलटपक्षी न्यूझीलंडमधील राहती घरे बहुतांशी हलक्या लाकडी चौकटीची असतात. ती वाकतात, करकरतात, परंतु सहसा सपाट होत नाहीत. शिवाय १९३१ सालच्या हॉक्स बे येथील भूकंपात २५६ बळी गेल्यानंतर त्या देशाने भूकंपरोधक बांधकामाचे नियम घालून दिले होते.

तथापि ख्राइस्टचर्चची गोष्ट येथे संपत नाही. माणसे वाचली, पण मालमत्ता वाचली नाही. शहराच्या पूर्व भागातील वाळूमिश्रित ओली जमीन हादऱ्यांनी चिखलासारखी पातळ झाली, घरे तिरकी होऊन रुतली, आणि सुमारे ८,००० मालमत्ता असलेले विभाग पुन्हा वस्तीस अयोग्य म्हणून सोडून द्यावे लागले. २०१० व २०११ सालांतील भूकंपमालिकेनंतरच्या पुनर्बांधणीचा खर्च सुमारे ४० अब्ज न्यूझीलंड डॉलर मानला जातो.

असे नुकसान घडण्यापूर्वीच मोजता येईल काय? भूकंप कोणत्या दिवशी होईल हे कोणीही सांगू शकत नाही. मात्र तो झालाच तर कोणती घरे पडतील, कोणते पूल निकामी होतील, किती कुटुंबे उघड्यावर येतील आणि किती खर्च येईल, हे बऱ्याच अंशी आधी सांगता येते. हे गणित करणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या गेल्या तीन-चार दशकांत तयार झाल्या आहेत.

तीन कप्पे

या सर्व आज्ञावल्यांच्या मुळाशी एकच साधा विचार आहे. नुकसान होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे संकट: भूकंपाचा हादरा, पुराचे पाणी, वादळाचा वारा, ज्वालामुखीची राख. दुसरी, त्या संकटाच्या वाटेत असलेली मालमत्ता: घरे, शाळा, रस्ते, विजेच्या तारा, उभी पिके. तिसरी गोष्ट म्हणजे त्या मालमत्तेची भेद्यता, अर्थात तेवढ्या संकटापुढे ती कितपत टिकाव धरते. निर्जन वाळवंटातील प्रचंड भूकंपाने हानी होत नाही, कारण तेथे दुसरी गोष्ट नाही. भक्कम घरांच्या वस्तीत मध्यम हादऱ्याने फारसे बिघडत नाही, कारण तिसरी गोष्ट अल्प आहे. तिन्ही जेथे भेटतात तेथे जोखीम उत्पन्न होते.

किल्लारी व ख्राइस्टचर्च यांच्या तुलनेत पहिला कप्पा जवळजवळ समान होता. जो फरक पडला तो तिसऱ्या कप्प्याने पाडला.

वाचकांस वाटेल की ही तर सामान्य व्यवहारबुद्धीची गोष्ट झाली. वस्तुतः तसे आहेही. परंतु व्यवहारबुद्धीला आकड्यांचे रूप देण्यास फार काळ लागला. एखाद्या जागी ठराविक जोराचा हादरा दरवर्षी किती संभवतो, हे भूकंपांच्या जुन्या नोंदींवरून पद्धतशीरपणे काढण्याची रीत अमेरिकन अभियंता ॲलिन कॉर्नेल याने १९६८ साली प्रसिद्ध केली. ती पहिल्या कप्प्यापुरती होती. उरलेल्या दोन कप्प्यांकडे लक्ष वळवले ते प्रामुख्याने विमा कंपन्यांच्या धास्तीने.

ही धास्ती समजून घेण्यासाठी आगीचा विमा आठवावा. एका शहरात एक लाख घरे असतील तर वर्षात किती घरांना आग लागेल याचा अंदाज मागील वर्षांवरून सहज बांधता येतो. एका घराला आग लागली म्हणून दुसऱ्या टोकाच्या घराला लागत नाही. भूकंप आणि चक्रीवादळ यांचे तसे नाही. तीस वर्षे काहीच घडत नाही, आणि मग एका दुपारी सर्व एक लाख घरांना एकदमच धक्का बसतो. मागील दहा-वीस वर्षांची सरासरी येथे निव्वळ फसवी ठरते.

हे कटू सत्य अमेरिकेतील विमा व्यवसायाला १९९२ च्या ऑगस्टमध्ये उमगले. ‘अँड्र्यू’ नावाचे चक्रीवादळ २४ तारखेस मायामीच्या दक्षिणेस धडकले. वादळांच्या हानीचे संगणकीय प्रतिमान तयार करणाऱ्या कॅरन क्लार्क हिने त्याच दिवशी विमेकऱ्यांना कळवले की, भरपाईचा आकडा १३ अब्ज डॉलरच्या वर जाऊ शकेल. अनेकांनी तो हसण्यावारी नेला. प्रत्यक्षात विमेकऱ्यांचे नुकसान सुमारे साडेपंधरा अब्ज डॉलर भरले आणि कित्येक लहान कंपन्या बुडाल्या. त्यानंतर हसणे थांबले. प्रत्येक मोठी विमा कंपनी अशा प्रतिमानांच्या शोधात निघाली.

बंद पेटी आणि उघडी पेटी

परंतु यातून एक नवाच प्रश्न उभा राहिला. ही प्रतिमाने खाजगी कंपन्यांच्या मालकीची होती. एका बाजूने पत्ते आणि घरांच्या किमती घालाव्या, दुसऱ्या बाजूने हानीचा आकडा बाहेर यावा. मध्ये काय घडले ते व्यापारी गुपित. त्याच आकड्यावर सामान्य माणसाच्या विम्याचा हप्ता ठरे. हप्ता दुप्पट झाला तर त्याने कोणास विचारावे? फ्लोरिडा राज्याच्या विधिमंडळाने १९९५ साली अशा वादळ-प्रतिमानांची छाननी करण्यासाठी तज्ज्ञांचा एक स्वतंत्र आयोगच स्थापन केला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

दुसरा मार्ग पेटीच उघडी करण्याचा होता. अमेरिकेच्या आपत्ती-व्यवस्थापन यंत्रणेने १९९७ साली ‘हॅझस’ ही आज्ञावली सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिली. आरंभी ती भूकंपापुरती होती, पुढे तीत पूर व चक्रीवादळे यांची भर पडली. इटलीतील पाव्हिया येथे २००९ साली स्थापन झालेल्या जागतिक भूकंप प्रतिमान संस्थेने ‘ओपनक्वेक’ तयार केली. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात ‘क्लायमाडा’ आकारास आली. तिचा रोख वादळे, पूर, उष्णता अशा हवामानजन्य संकटांवर आहे. या पुढच्या दोन्हींची मूळ आज्ञालेखने कोणालाही वाचता येतात, तपासता येतात आणि बदलता येतात.

न्यूझीलंडची ‘रिस्कस्केप’ ही याच कुळातील. तिचे कामकाज थोडे तपशीलाने पाहण्यासारखे आहे. त्या देशातील भूविज्ञानाची आणि जल-हवामानाची अशा दोन सरकारी संशोधनसंस्थांनी ती मिळून उभारली. २०२५ साली या दोन्ही संस्था एकत्र करण्यात आल्या. पुढच्या टप्प्यात तीत भूकंप आयोगही सहभागी झाला. हा आयोग म्हणजे १९४५ पासून घरमालकांना नैसर्गिक आपत्तींचे विमासंरक्षण देणारी सरकारी संस्था. २०२४ पासून तिला नैसर्गिक आपत्ती आयोग असे नाव मिळाले आहे. संशोधकांना ज्ञान वाढवायचे होते, आयोगाला दावे चुकवायचे होते. दोघांनाही एकच साधन हवे होते, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

रिस्कस्केपचे वैशिष्ट्य असे की, ती स्वतः भूकंपाविषयी किंवा पुराविषयी काहीच जाणत नाही. तिच्यात आधीपासून भरलेले ज्ञान जवळजवळ नाही. वापरणाऱ्याने संकटाचा नकाशा द्यावा, मालमत्तेची यादी द्यावी, आणि किती संकटाने कोणत्या वस्तूचे किती बिघडते हे सांगणारे सूत्र द्यावे. आज्ञावली त्यांची गाठ घालून देते. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडावे तशी माहिती एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात वाहत जाते. आज पुराचा नकाशा घातला, उद्या त्याच जागी राखेच्या थराचा नकाशा घातला, तरी घरांची यादी बदलावी लागत नाही. नवे संशोधन होऊन सूत्र सुधारले, तर तेवढेच सूत्र काढून दुसरे बसवावे. सायकलचे चाक बदलण्यासाठी सायकल नवी घ्यावी लागत नाही, तसेच हे.

एका पुराचा हिशेब

समजा, नदीकाठच्या एका वस्तीतील हानी काढावयाची आहे. पुराचा नकाशा म्हणजे एक जाळी असते; तिचा प्रत्येक चौकोन पाच मीटर लांबी-रुंदीच्या जमिनीसाठी आहे आणि त्यात पाण्याची खोली लिहिलेली आहे. घरांच्या यादीत प्रत्येक घराची जागा, भिंतींचा प्रकार, मजले, जोत्याची उंची आणि पुन्हा बांधण्याचा खर्च नोंदलेला आहे. आज्ञावली पहिल्या घराच्या जागी जाळीत डोकावते. पाणी ८० सेंटिमीटर. जोते ९० सेंटिमीटर उंच. घरात थेंबही शिरला नाही, हानी शून्य. शेजारच्या घरापुढेही पाणी तेवढेच, पण जोते अवघे १५ सेंटिमीटर. आत ६५ सेंटिमीटर पाणी. सूत्रानुसार अशा घराच्या किमतीचा जो अंश वाया जातो, तो काढून हिशेबात धरला जातो. मग तिसरे घर, चौथे घर, लाखावे घर. माणूस वर्षभर करील ते काम यंत्र काही मिनिटांत उरकते. परंतु ते काम याहून निराळे नसते.

येथे एक बारीकशी अडचण येते, आणि अशा अडचणींतच या शास्त्राचे खरे मर्म आहे. घर लहान असेल तर ते एकाच चौकोनात बसते. पण साठ मीटर लांबीची शाळा घ्या. तिचे एक टोक पाण्यात आहे, मध्यभाग कोरडा आहे. आज्ञावलीने इमारतीच्या मध्यबिंदूपाशीच डोकावले तर शाळा सुरक्षित म्हणून नोंदली जाईल. इमारतीला स्पर्श करणारे सर्व चौकोन पाहून सर्वांत खोल पाणी घेतले तर सगळी शाळा बुडाली असे वाटेल. सरासरी घेतली तर उत्तर मधले येईल. रस्त्याच्या बाबतीत तर मध्यबिंदू निरर्थकच. दहा किलोमीटरांच्या रस्त्याचे लहान तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागतो. यांपैकी कोणती रीत स्वीकारायची हे रिस्कस्केप स्वतः ठरवीत नाही. वापरणाऱ्याला ते उघडपणे निवडावे लागते. नवशिक्याला हा त्रास वाटतो. परंतु बंद पेटीत हाच निर्णय कोणीतरी गुपचूप घेतलेला असतो.

हानीची सूत्रे येतात कोठून?

पाणी ६५ सेंटिमीटर चढले म्हणजे घराचा अमुक अंश वाया जातो, हे कोणी ठरवले? काही सूत्रे प्रयोगशाळेत भिंती हलवून, काही अभियंत्यांच्या गणितावरून, तर काही अनुभवी तज्ज्ञांच्या मतांवरून तयार होतात. परंतु सर्वांत मोलाची सूत्रे आपत्तीनंतर गावोगाव फिरून मिळवलेल्या नोंदींतून निघतात.

२९ सप्टेंबर २००९ रोजी दक्षिण पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर त्सुनामी आली. त्या प्रदेशात जवळजवळ २०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर न्यूझीलंडचे संशोधक किनाऱ्यावरून घरोघर गेले. भिंतीवर राहिलेल्या पाण्याच्या खुणा त्यांनी मोजल्या आणि त्या घराची काय अवस्था झाली ते लिहून घेतले: किरकोळ इजा, मध्यम, गंभीर की पूर्ण नाश. लाकडी घरे, विटांची घरे, सलोह काँक्रीटची घरे असे गट पाडले. पाण्याच्या प्रत्येक खोलीला त्या गटातील किती घरे कोसळली याचे प्रमाण काढून आलेख काढला म्हणजे एक वळणदार रेषा मिळते. तिला क्षतिवक्र म्हणता येईल. आरंभी ती जमिनीलगत चालते, मग एका विशिष्ट खोलीपाशी झपाट्याने वर चढते आणि शेवटी सपाट होते, कारण शंभरांपैकी शंभर घरे पडल्यावर आणखी पडावयास घर उरत नाही. लाकडी घरांची रेषा लवकर चढते, काँक्रीटची उशिरा. प्रत्येक वक्रामागे कोणाची तरी मोडलेली भिंत आहे.

हा वक्र एका घराचे भविष्य सांगत नाही, हे मात्र विसरता कामा नये. तो एका जातीच्या घरांचा कल सांगतो. सामोआतील वक्र कोकणातील चिऱ्याच्या घराला लावला तर आज्ञावली निमूटपणे उत्तर देईल, आणि ते उत्तर चुकीचे असेल. सुट्या भागांच्या रचनेचा हा दुसरा चेहरा आहे: कोणताही भाग कोठेही बसतो, म्हणून चुकीचा भागही बसतो.

आतापर्यंत एकाच संकटाचा विचार झाला. नियोजनासाठी मात्र संभाव्य सर्व संकटे पाहावी लागतात. म्हणून संगणकात हजारो काल्पनिक वर्षे चालवली जातात. प्रत्येक वर्षी शास्त्रास मान्य असे भूकंप किंवा वादळे चिठ्ठ्या काढाव्यात तशी घडवली जातात, आणि प्रत्येकाची हानी नोंदली जाते. त्यांवरून दरवर्षीची सरासरी हानी किती आणि अमुक आकड्याहून मोठी हानी होण्याचा संभव किती, हे कळते. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगाने फार गोंधळ माजवला आहे. त्याचा अर्थ शंभर वर्षे निर्धास्त असा नसून, दरवर्षी शंभरांत एक एवढा संभव, असा आहे. तीस वर्षांच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याचा संभव शंभरांत सुमारे २६ होतो.

रुपयांची बेरीज

हानी पैशांत मोजल्याने हिशेब सुटसुटीत होतो खरा, पण त्याची किंमतही मोजावी लागते. समजा, ८० लाख रुपयांच्या एका बंगल्याचे दहा टक्के नुकसान झाले: ८ लाख रुपये. त्याच पुरात ८०,००० रुपयांच्या दहा झोपड्या पार वाहून गेल्या: तेही ८ लाखच. दहा कुटुंबे निराधार झाली आणि एका बंगल्याचा तळमजला बिघडला, ही दोन संकटे बेरजेत अगदी सारखी दिसतात. बांध कोठे घालावा हे या बेरजेवरून ठरवले तर बांध कोणाच्या अंगणाशी उभा राहील, हे सांगावयास नको.

जेथे घरांची यादीच नसते तेथे उपग्रहांना दिसणारा रात्रीचा उजेड आणि लोकसंख्या यांच्या गुणाकारावरून मालमत्तेची वाटणी करण्याची एक युक्ती आहे. क्लायमाडात ती वापरतात. जगाच्या नकाशासाठी ती उपयुक्त आहे. पण ज्या पाड्यावर रात्री दिवाच लागत नाही तो या हिशेबात जवळजवळ अदृश्य राहतो. सुदैवाने कप्पे सुटे असल्यामुळे शेवटचे सूत्र बदलता येते: रुपयांऐवजी बेघर होणारी कुटुंबे मोजावीत, कामाबाहेर जाणाऱ्या रुग्णालयांतील खाटा मोजाव्यात. ज्याला जे विचारावयाचे असेल त्याने ते विचारावे. पण प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो.

भारतापुरते पाहता हे तीन कप्पे आपल्याला अपरिचित नाहीत. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाने सुमारे १०,००० बळी घेतले. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ वादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा सुमारे १२ लाख लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलवण्यात आले होते आणि त्या राज्यातील मृतांचा आकडा ६४ वर थांबला. हा पराक्रम लहान नव्हे. परंतु माणसाला हलवता येते, घराला हलवता येत नाही. इशारा मिळूनही लाखो घरांची छपरे गेली, माडांच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले. त्यांच्यासाठीचे गणित वादळापूर्वी तीन दिवस नव्हे, वीस वर्षे आधी करावे लागते.

घरांची भेद्यता मोजण्याचा पाया आपल्याकडे १९९७ साली घातला गेला. त्या वर्षी केंद्र शासनाच्या बांधकाम-साहित्य व तंत्रज्ञान प्रवर्तन परिषदेने भारताचा भेद्यता-नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. २००६ व २०१९ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. जनगणनेत नोंदलेल्या भिंती व छपरे यांच्या प्रकारांवरून, कोणत्या जिल्ह्यात मातीची, दगडाची, विटांची घरे किती आणि त्यांना भूकंप, वारा व पूर यांचा धोका कितपत, याचे तक्ते त्यात आहेत. अशा संग्रहाचे आयुष्य जनगणनेशी बांधलेले असते. २०११ नंतरची, २०२१ साली व्हावयाची जनगणना लांबणीवर पडली. मधल्या काळात किती मजले चढले आणि किती भिंती बदलल्या, याची यादी आपोआप तयार होत नाही.

पहिल्या कप्प्यातही चूक होऊ शकते, हा धडा तर किल्लारीनेच दिला. तो प्रदेश भूकंपविभागांच्या तत्कालीन राष्ट्रीय नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. त्या काळी कोणी अशी आज्ञावली चालवली असती आणि तीत तो नकाशा घातला असता, तर माळवदाच्या घरांची यादी कितीही अचूक असली तरी उत्तर ‘हानी अल्प’ असेच आले असते. २००२ साली नकाशा सुधारून पाच विभागांचे चार करण्यात आले आणि तो पहिला विभाग रद्द झाला. दरम्यान ५२ गावे नव्या जागी, नव्या बांधणीच्या घरांत वसवण्यात आली. एकाच भूप्रदेशाचे तिन्ही कप्पे दहा वर्षांच्या आत बदलले.

मालमत्तेच्या यादीचा कप्पा इंडोनेशियाने ज्या रीतीने भरला ती रीत अगदी साधी होती. त्या देशाने ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने ‘इनासेफ’ नावाची आज्ञावली २०१२ साली आणली. तिच्यासाठी राजधानी जाकार्ताच्या इमारतींची यादी हवी होती, आणि पूर तर त्या शहराच्या पाचवीला पुजलेला. तेव्हा शहरातील सर्व २६७ प्रभागांच्या प्रतिनिधींना बोलावण्यात आले. विद्यापीठातील विद्यार्थी संगणकापाशी बसले. प्रभागाची माणसे शेजारी बसून आपली शाळा कोणती, दवाखाना कोठे, प्रार्थनामंदिर कोणते, हे नकाशावर दाखवू लागली. विद्यार्थ्यांनी ते मुक्त जागतिक नकाशात नोंदवले.

त्या यादीवर पुराचा नकाशा ठेवला की इनासेफ बुडणाऱ्या शाळा व दवाखाने मोजते, हलवावयाच्या माणसांची संख्या काढते आणि त्यांच्या गरजांची यादी देते. इंडोनेशियाच्या आपत्ती-नियमांनुसार त्या यादीतील पहिली ओळ तांदळाची असते: दर माणशी, दर आठवड्याला, २.८ किलो.